कपाळावरचा स्वस्त दिवा

तीर्थस्वरूप दादांच्या सेवेशी,

तुमच्या एकुलत्या एका मेहुण्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार. पत्र पाहून दचकला असाल. हल्ली पत्र लिहितं कोण? पण दादा, गेल्या चार महिन्यांत मी तुम्हाला एकोणीस फोन केले आणि एकोणीसच्या एकोणीस वेळा वहिनींनी उचलून सांगितलं की तुम्ही आंघोळीला गेला आहात. सकाळी सव्वाआठला आंघोळ समजू शकतो. दुपारी तीनलाही आंघोळ आणि संध्याकाळी दिवे लागल्यावरही आंघोळ, म्हणजे एक तर माणूस फार सोवळा झाला असला पाहिजे, नाहीतर त्याच्या अंगावर काहीतरी उठलेलं असलं पाहिजे. मला आपली काळजी वाटली, म्हणून लिहायला बसलो.

तुमचा रक्तदाब कसा आहे? मीठ कमी केलंत का? वहिनींची नवी कवळी बसली का नीट? आणि तुमच्याकडे 'आठ दिवसांसाठी' म्हणून आलेल्या आणि आता चार महिने मुक्कामाला असलेल्या पाहुण्यांचा घोटा कसा आहे? मी मुद्दाम विचारतोय असं नाही. पत्रात घरातल्या सगळ्यांची खुशाली विचारायची रीत असते, एकालाच वगळलं तर बरं दिसत नाही, एवढंच.

माझं म्हणाल तर मजेत आहे. निवृत्त होऊन वर्ष झालं. वजनमापे निरीक्षक म्हणून तीस वर्षं काढली आणि त्या तीस वर्षांत मला बघून एकही दुकानदार मनापासून हसला नाही, याचा मला अभिमान होता. आता तेच दुकानदार मला बघून खरोखर हसतात. (एकानं तर परवा माझ्या डोळ्यांदेखत पारड्यावर अंगठा टेकवून एका बाईला बटाटे दिले आणि वर माझ्याकडे बघून 'काय साहेब, बरंय ना?' म्हणाला. अधिकार गेला तरी नजर जात नाही, हा मोठा जाच आहे.) घरात काही अडत नाही. दोन कप चहा टाकायची हाताला सवय आहे, ती काही मोडली नाही. दुसरा कप गार होतो, तो मीच संध्याकाळी गरम करून पितो. साखर वाया जात नाही.

आता त्या घोट्याबद्दल. तुमच्या घरात माझ्या नावानं काय बोललं जात असेल याचा मला अंदाज आहे, म्हणून खरं काय ते एकदा कागदावर येऊ द्या. तुमची बहीण त्या रविवारी टेकडी उतरताना पायथ्याशी पाय मुरगळून पडली. तिच्याबरोबर टेकडी चढणारी बाकीची मंडळी पुढं निघून गेली होती. तिनं मला फोन केला, 'न्यायला या.' तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. मी वर्तमानपत्र वाचत होतो. मी म्हणालो, एखादं वाहन बघ आणि ये. ती म्हणाली, इथं या वेळेला वाहन नाही. त्यावर मी म्हणालो, 'मग कुणी सांगितलं होतं तिकडं कडमडायला?' आणि फोन ठेवला. शेवटी त्यांच्या मंडळीतले पोस्टमास्तर परत फिरले आणि तिला घेऊन आले. दारात आले तेव्हा सव्वाआठ झाले होते. तिनं सगळ्यांना सांगितलं की ती दीड तास दगडावर बसून होती. दादा, हे चूक आहे. एक तास दहा मिनिटं. मी दुकानदारांचे तराजू तपासण्यात हयात घालवली, माझ्या मोजण्यात चूक व्हायची नाही. आणि मी उठणारच होतो. फक्त आतलं पान राहिलं होतं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. प्लास्टर निघालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती एक पिशवी घेऊन तुमच्याकडे आली. आठ दिवस म्हणाली, मी मान डोलावली. नवव्या दिवशी मी कपाट उघडून पाहिलं. साड्या जागच्या जागी होत्या, दागिने जागच्या जागी होते. नव्हता तो फक्त तिचा हेडटॉर्च. म्हणजे ते कपाळावर पट्ट्यानं बांधायचं दिव्याचं यंत्र, जे लावून ती अकरा वर्षं दर रविवारी पहाटे त्या टेकडीवर जायची. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला (तोही उसना नव्हे, स्वतःचा). माणूस आठ दिवसांसाठी भावाकडे जाताना हेडटॉर्च नेत नाही.

मला त्याचं वाईट वाटलं असं मी म्हणणार नाही. पण अकरा वर्षं एखादी बाई पहाटे साडेचारला अंथरुणातून उठून अंधारात धोंडे चढायला जाते, त्या अर्थी तिथं काहीतरी असेल, ते एकदा आपल्या डोळ्यांनी तपासावं असं मनात आलं. डॉक्टरही चाला म्हणतच होते. शिवाय, तिला कुठून तरी कळलं की आपला नवरा आता आपणहून पहाटे उठून टेकडीवर जातो, तर कळू दे. मी काही कुणाला सांगायला जाणार नव्हतो.

आमच्या बाजारात छत्र्या, पिशव्या आणि सुटकेसची चाकं विकणारं एक दुकान आहे. त्याच्या दारात हे हेडटॉर्च कणसांसारखे जुडीनं टांगलेले असतात. मी सगळ्यात स्वस्त मागितला. (महागाचा कशाला? मला वाटलं, दोन-तीन रविवारांत सगळं मिटेल.) खोक्यावर छापलं होतं, हजार ल्युमेन, झोत दोनशे मीटर, पाण्यात चालतो, धुळीत चालतो, तीन बारीक सेलवर चाळीस तास चालतो. काय काय चालतो त्याची ही यादी, आणि बनवणाऱ्याचं नाव नाही, पत्ता नाही, तारीख नाही. नोकरीत असतो तर तिथल्या तिथं पंचनामा करून अख्खी जुडी जप्त केली असती. मी दुकानदाराला विचारलं, हे दोनशे मीटर मोजले कुणी? तो म्हणाला, 'काका, मोजायला गेलेला माणूस अजून परत आलेला नाही.' हा असा चावटपणा वर्षापूर्वी माझ्याशी करायची कुणाची टाप नव्हती.

मी घरी आलो आणि स्वतः मोजलं. संध्याकाळी अंधार पडल्यावर टेप घेऊन गच्चीवर गेलो. समोरच्या इमारतीची भिंत आमच्या कठड्यापासून चौतीस मीटरवर आहे, आणि हा दोनशे मीटरवाला झोत तिथं पोचेपर्यंतच दमून पिवळा पडला. आकडा लिहून घेत होतो, एवढ्यात त्या भिंतीत एक खिडकी आहे, खिडकीत एक बाई केस विंचरते आहे आणि तिच्या मागं तिचा नवरा उभा आहे, हे तिघांच्याही एकदमच लक्षात आलं. मी दिवा बंद करायला गेलो. आता या दिव्याला बटण एकच. एकदा दाबलं की प्रखर, दुसऱ्यांदा मंद, तिसऱ्यांदा लुकलुक, चौथ्यांदा लाल आणि पाचव्यांदा बंद. म्हणजे चालू दिवा बंद करायचा तर आधी मंद, मग लुकलुक आणि मग लाल करावाच लागतो. त्या नवऱ्याला पलीकडून ते कसं दिसलं असेल याचा विचार तुम्हीच करा. दुसऱ्या दिवशी खाली फळ्यावर नोटीस लागली, 'गच्चीवरून इतरांच्या घरात खुणा करणाऱ्या ज्येष्ठ नागरिकांनी वयाचं भान ठेवावं.' अनेकवचन केवळ माझी लाज राखायला, कारण गच्चीची किल्ली माझ्या एकट्याकडं असते.

आणखी एक दोष मला घरीच सापडला. दिव्याचं तोंड पट्ट्यावर एका बिजागरीनं बसवलेलं होतं आणि ते खालीवर हलायचं. निव्वळ ढिसाळ काम! मी बिजागरीत गोंद भरला, रात्रभर वर जाडजूड शब्दकोश ठेवला आणि सकाळी दिवा सरळ नाकासमोर पक्का झाला. या गोंदाबद्दल पुढं येईलच.

पहिल्या रविवारी पहाटे पाचला मी पायथ्याशी हजर. मंडळी जमलेली होती. मंडळी म्हणजे पुढारी पोस्टमास्तर (हेही निवृत्त), एक दाताच्या डॉक्टरीणबाई, एक शिंपी आणि आणखी नऊ जण, सगळे तुमच्या बहिणीला अकरा वर्षं ओळखणारे. मी जवळ गेलो, पोस्टमास्तरांच्या तोंडाकडं बघून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, डोळे बारीक केले, तोंड वाकडं केलं आणि मान फिरवली. मी डॉक्टरीणबाईंकडं वळलो. त्यांनी हात आडवा धरला आणि चक्क पाठ केली. शिंप्याकडं वळलो, तो मला बघून दोन पावलं मागं सरला. एकेकाकडं बघत गेलो आणि एकेक तोंड फिरत गेलं. दादा, मी सगळं काय ते समजलो. बाईसाहेबांनी सगळ्यांना घोट्याची गोष्ट सांगून ठेवली होती, आणि तीही दीड तासाच्या हिशेबानं.

पण मीही कच्च्या गुरूचा चेला नाही. निर्दोष माणसानं नजर चुकवायची नसते, हे मी खात्यात शिकलो आहे. ज्यानं तोंड फिरवलं त्याच्या पुढ्यात जाऊन मी उभा राहायचो, अगदी डोळ्यांत डोळे घालून विचारायचो, 'काय, बरं आहे ना?' तो इकडं वळला की मी इकडं, तो तिकडं वळला की मी तिकडं. शिंपी तर माझ्या नजरेला नजर देण्यापेक्षा घाणेरीच्या झुडपात शिरणं पत्करून तिथंच अडकला. मला त्याचा सदरा सोडवावा लागला, आणि सोडवताना जवळून तोंडाकडं पाहिलं तर त्यानं डोळे घट्ट मिटून घेतलेले. एवढा तिरस्कार मी जप्तीच्या वेळीसुद्धा पाहिला नव्हता. त्यात या दिव्यापुढं किडे येतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. कपाळावर दिवा म्हणजे किड्यांच्या दृष्टीनं तोंड हा त्याचाच तळमजला. 'सुप्रभात' या एका शब्दात मी दोन किडे गिळले. आणि पुढं वळणावर अंधारात जमिनीलगत दोन डोळे चकाकताना दिसले, ते एकदा वर व्हायचे, एकदा खाली. जनावर दबा धरून चाललंय असं वाटून मी सगळ्यांच्या जिवासाठी हातातली पाण्याची बाटली नेम धरून हाणली. ते डॉक्टरीणबाईंच्या बुटांच्या टाचांवरचे चकाकते तुकडे होते. नेम मात्र अचूक लागला, हे त्यांनीही नाकारलं नाही.

पहिल्या पठारावर या मंडळींची एक पद्धत आहे. अंधारात कुणी मागं राहू नये म्हणून सगळे उभे राहतात आणि ज्याचा त्याचा ठरलेला आकडा म्हणतात. पोस्टमास्तर 'एक' म्हणाले, पुढं दोन, तीन असं सहापर्यंत आलं, मग एक श्वासभर कुणी बोललं नाही, आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'आठ.' तसंच तेरापर्यंत गेलं. मी निरीक्षक माणूस, माझ्या कानाला ते कसं खपावं? मी म्हणालो, सात राहिला. मी पुन्हा, मोठ्यानं, एकेकाकडं बघत म्हणालो, 'मोजणीत चूक आहे. माणसं बारा आणि आकडा तेरापर्यंत गेलाय. सात कुठं आहे? नसेल तर मला सात द्या, हिशेब जुळेल.' पुन्हा सगळ्यांची तोंडं फिरली. शेवटी डॉक्टरीणबाई जमिनीकडं बघत म्हणाल्या, 'तुम्ही चौदा म्हणा.' मी चौदा म्हणालो. मनात म्हटलं, अकरा वर्षं ज्यांना साधं मोजता येत नाही अशांच्यात आपली बायको रमत होती.

दुसऱ्या रविवारी मी ठरवूनच गेलो की आज सोक्षमोक्ष लावायचा. अर्ध्या चढावर, अरुंद जागी, मी पोस्टमास्तरांना गाठलं आणि तोंडासमोर तोंड नेऊन विचारलं, 'तुम्ही सगळे मला बघून तोंड का फिरवता, ते आज सांगाच.' ते मागं सरकले. मी पुढं सरकलो. त्यांनी हातानं खूण केली, मला वाटलं दिवा बंद करा म्हणतायत, म्हणून मी बटण दाबलं, की बाबा दिवा नको तर नको, तर तो झाला मंद, मग सुरू झाली लुकलुक, आणि त्या लुकलुकीत पोस्टमास्तरांचा पाय कुठं पडला ते त्यांनाही कळलं नाही. ते मातीत बसले. बसल्या बसल्या, डोळे मिटून, एकेक शब्द तोडत म्हणाले, 'साहेब, आधी तो दिवा खाली करा. दोन रविवार झाले, तुमचं तोंड कसं आहे तेच आम्हाला दिसलेलं नाही.'

मग त्यांनी मला समजावलं. हेडटॉर्चवाल्यानं कुणाच्या तोंडाकडं थेट बघायचं नसतं, समोरच्याच्या डोळ्यांपुढं अंधारी येते. बोलायचं असेल तेव्हा दिव्याची बिजागरी खाली करायची. बिजागरी त्यासाठीच असते. ते म्हणाले, करा ना खाली. मी म्हणालो, होत नाही. ते म्हणाले, का? मी म्हणालो, दोष होता, दुरुस्त केला. (दिव्याखाली अंधार म्हणतात ते खोटं आहे. दिवा कपाळावर होता आणि अंधार बरोबर त्याच्या मागं, कवटीत होता.) आता एकच उपाय उरला, बोलताना मलाच मान खाली घालावी लागायची. एकसष्ट वर्षांत मी कुणापुढं मान तुकवली नाही, आणि त्या दिवशी मी बाराही जणांपुढं एकेकदा मान खाली घालून उभा राहिलो. डॉक्टरीणबाईंना वाटलं मी बाटलीबद्दल माफी मागतोय, त्या म्हणाल्या, 'जाऊ द्या हो, लागलं नाही फारसं.' शिंप्यानं माझ्या हाताला हात लावला. माफी न मागता मला माफी मिळत गेली, आणि मी ती घेत गेलो.

दादा, खरं सांगतो, त्या रविवारी मी उतरलो तो वीस वर्षांनी लहान होऊन. म्हणजे कुणाचा माझ्यावर राग नव्हता! नुसता दिवा डोळ्यांवर येत होता! घरी येऊन दोन कप चहा केला आणि दोन्ही प्यायलो. तो सबंध आठवडा बरा गेला असता, पण बुधवारी काहीतरी शोधताना आठवलं. मी बोलायला लागलो की तुमची बहीण तोंड फिरवायची. जेवताना मी काही सांगायला लागलो की ती खिडकीकडं बघायची, नाहीतर उठून ओट्याकडं जायची. पुढं पुढं तर मी खोलीत आलो की आधीच पाठमोरी असायची. मला वाटायचं तिला कामाची घाई असते. इतकी वर्षं असंच वाटायचं. त्या वेळी माझ्या कपाळावर काही बांधलेलं नव्हतं, दादा.

तिसऱ्या रविवारी आम्ही माथ्यावर पोचलो तेव्हा उजाडलं होतं. सगळ्यांनी हेडटॉर्च काढून पिशव्यांत टाकले. थर्मास निघाले. मला वाटलं आता हसतखेळत दोन गोष्टी होतील. मी डॉक्टरीणबाईंकडं बघून काहीतरी बोललो, त्यांनी कप पुढं केला आणि दुसरीकडं बघितलं. शिंप्याकडं बघितलं, तो लेस बांधायला वाकला. त्याच्या बुटांना लेस नव्हती. आता तर लख्ख ऊन होतं आणि माझा दिवा पिशवीत होता. मी पोस्टमास्तरांना बाजूला नेलं आणि विचारलं. त्यांनी कपातला चहा संपवला. मग म्हणाले, सात आकडा तुमच्या सौभाग्यवतींचा आहे. अकरा वर्षं त्यांचाच आहे, त्या नसल्या तरी आम्ही तो कुणाला देत नाही. तीन आठवड्यांपूर्वी त्यांचा फोन आला होता, घोटा बरा झालाय, भावाकडून पहाटेची पहिली बस धरून दर रविवारी येईन म्हणाल्या. पुढचा रविवारही ठरला होता. त्याच रविवारी तुम्ही आलात. त्यांनी वाटेत बसमधून फोन करून विचारलं, कोण कोण आलंय? मी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मग राहू द्या.' तेव्हापासून दर शनिवारी फोन येतो. तुम्ही येताय का, एवढंच विचारतात.

'आम्ही तुम्हाला येऊ नका म्हणू शकत नाही,' पोस्टमास्तर म्हणाले. 'टेकडी काय कुणाच्या मालकीची थोडीच आहे. पण तुमच्याकडं बघवत नाही.'

अशा वेळी माणसानं काहीतरी बोलावं. तुम्ही असता तर बोलला असता. मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, मग बारा माणसांत आकडा तेरापर्यंत जातो याची नोंद कुठंतरी असायला हवी. तोंडातून गेलं. मी कप धुऊन परत केला आणि एकटाच उतरलो.

पायथ्याशी तो दगड आहे. बसायला बरा दिसतो, पण नाही. एक बाजू उतरती आहे, पाय टेकवून सारखं तोल सांभाळत बसावं लागतं. मी घड्याळ बघितलं आणि बसलो. धड पायांनी बसलो होतो. एक तास दहा मिनिटं झाली तेव्हा उठलो. दादा, ती दीड तास म्हणाली यात काहीही वाढवून सांगितलेलं नाही. उलट कमीच सांगितलं.

तरी यावरून तुम्ही असा अर्थ काढू नका की मी हरलो, किंवा तिनं परत यावं म्हणून हे पत्र लिहितोय. माझं उत्तम चाललं आहे. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही असं वहिनी म्हणतील, त्यांना म्हणू द्या. थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, आणि या दोन्हींत न बसणाऱ्या माणसाला काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा.

तुमचा,
मेहुणा

ता. क. तिचे डोंगरावरचे बूट इथंच राहिले आहेत. घोटा सुजलेला होता तेव्हा पायात गेले नसते, म्हणून राहिले असावेत. ते घासून, नवी लेस घालून पार्सलनं पाठवतो आहे. वहिनींनी पाठवायला सांगितले होते असं तिला सांगा. अडगळ होते म्हणून मी पाठवले असं म्हणालात तरी चालेल.

आणखी एक. मी मंडळी सोडली आहे. पोस्टमास्तरांना चिठ्ठी दिली, त्यांनी 'बरं' म्हणून खिशात ठेवली. पण तिला हे असं सांगू नका. तिच्यासाठी सोडलं असं कळलं तर म्हणेल, आता हा उपकारही मोजून ठेवला असेल, आणि मुद्दाम जाणार नाही. मी ओळखतो तिला. (एवढं तरी ओळखतो.)

शेवटचं. ज्यासाठी लिहायला बसलो ते हेच, वरचं सगळं नाही वाचलंत तरी चालेल. तिला सांगा, डॉक्टरांनी मला चढ कायमचा बंद केलाय, गुडघे गेले म्हणून. माझे गुडघे ठणठणीत आहेत, पण हे तुम्ही सांगितलंत तर ती मानेल आणि रविवारची बस धरेल. आणि गुडघ्यांचं ऐकून ती 'फार दुखतात का' असं काही म्हणाली, तर तेवढं मला दोन ओळींत कळवा. नाही म्हणाली, तर काही कळवू नका.